उशाशी असलेलं पुस्तक

मार्च निम्मा सरला की अभ्यासिकेतला कूलर पुसून पुन्हा खिडकीशी लावला जातो. पहिल्या दिवशी त्याच्या गवताच्या जाळ्या कोरड्या खरखरीत असतात. त्यांवर पाणी सोडलं की जुन्या धुळीचा आणि ओल्या गवताचा वास खोलीभर पसरतो. बाहेर रस्त्यावर कडुलिंबाचा मोहर पडलेला असतो, बारीक पांढरा, चपलांना चिकटून तो पायऱ्यांपर्यंत येतो. आणि याच दिवसांत परीक्षा देणारी मुलं-मुली मानवतच्या आजूबाजूच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीनं येऊन जागा धरतात. कुणी तलाठ्याची परीक्षा देणार असतं, कुणी पोलीस भरतीची, कुणी लिपिकाची. ओठ हलत असतात, आवाज कुणाचाच येत नाही. एवढी माणसं एका खोलीत असूनही एवढी शांतता मी दुसरीकडे कुठे अनुभवलेली नाही.

हा वास आला की लोकांना आंब्याची, सुट्टीची आठवण होत असेल. मला एका मुलीची कापडी पिशवी आठवते.

हे वाचनालय माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी सुरू केलं. मोंढ्यात आमचं अडतीचं दुकान, त्याच्या मागच्या गल्लीत या दोन खोल्या. एका खोलीत पुस्तकं, दुसरीत अभ्यासिका. सासरे गेल्यावर चिटणीसपद आपोआप माझ्याकडे आलं. मी कॉलेजात मराठी शिकवत होते, वाचत होते, तेव्हा दुसरं कोण असणार, असं सगळ्यांनी म्हटलं आणि मलाही ते खरं वाटलं. चिटणीस झाल्यावर मी पहिलं काम केलं ते एका कपाटाचं. कथा-कादंबऱ्यांची कपाटं भरून वाहत होती. मी एक कपाट रिकामं करून घेतलं आणि त्यात फक्त एका प्रकारची पुस्तकं लावली. सत्ता कुणाच्या हातात राहते आणि का, जमीन कुणाची होते, एका माणसाला दुसरा माणूस खालचा कसा ठरवतो, दूरच्या देशांत कातडीच्या रंगावरून काय काय झालं आणि आपल्याकडे जन्मावरून काय काय झालं, असली पुस्तकं. कपाटावर मी माझ्या हातानं चिठ्ठी चिकटवली होती: समाज आणि राजकारण.

मला त्या कपाटाचा अभिमान होता. आम्ही शिवभक्त घरातले. माहेरी वडील रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचे आणि सगळी माणसं सारखी, हे आमच्या कानांवर अंघोळीच्या पाण्यासारखं रोज पडायचं. त्यामुळे ही पुस्तकं वाचताना मला नवं काही वाचतेय असं वाटायचं नाही. आपल्याच मनातलं कुणीतरी पुराव्यानिशी लिहिलंय, असं वाटायचं. मी वाचताना चिडायची, कधी डोळे पुसायची. प्रत्येक पानावर मी अन्याय सोसणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायची. समोरच्या बाजूलाही एक खुर्ची असते आणि ती माझी असू शकते, हे एकदाही मनात आलं नाही.

सुजाता त्या कपाटामुळेच माझ्या ओळखीची झाली. रेल्वे फाटकाच्या पलीकडच्या वस्तीत राहायची. आई पंचफुलाबाई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, वडील नव्हते. सुजाता लिपिकाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. वीस-एकवीस वर्षांची, उंच, केस घट्ट ओढून बांधलेले. बाकीची मुलं दुपारी जेवणानंतर टेबलावर डोकं ठेवून झोपायची, तेव्हा ही त्या कपाटापाशी उभी राहून वाचायची. ग्रंथपाल रंगनाथकाका तिला म्हणायचे, ‘‘अगं, परीक्षेत हे येनार न्हाई.’’ ती म्हणायची, ‘‘ठाव हाय काका. पाच मिन्टं.’’ आणि अर्धा तास तिथंच.

एकदा तिच्या हातात परदेशातल्या काळ्या लोकांवरचं पुस्तक होतं. मी विचारलं, कसं वाटतंय. मला वाटलं, चांगलं आहे म्हणेल. तिनं पुस्तक मिटलं, बोट आतच ठेवून.

‘‘ह्या लोकांचं तर लांबूनच कळतंय, मॅडम. रंगच दिसतोय. आमचं निदान आडनाव सांगेपर्यंत तरी बरं असतंय.’’

मी ते वाक्य घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये गावातल्या व्याख्यानमालेत मला बोलायला बोलावलं होतं. विषय मीच सुचवला होता, समतेचा. तयारीसाठी मला एक जाडजूड पुस्तक हवं होतं, माणसांची उतरंड कशी तयार होते आणि कशी टिकते यावरचं. वाचनालयात त्याची एकच प्रत होती आणि ते घरी न्यायचं नाही असा नियम होता. नियम मीच केला होता. एका संध्याकाळी मी ते उचललं आणि पर्सबरोबरच्या कापडी पिशवीत टाकलं. वहीत नोंद केली नाही. चोरून नेलं असंही नाही. नोंद करायची असते हेच सुचलं नाही. घरातल्या फडताळातून डबा काढावा तसं मी ते नेलं. दहा-बारा दिवस ते माझ्या उशाशी होतं. पेन्सिलनं मी त्यात खुणा केल्या होत्या, समासात ‘किती खरं’ असं लिहिलं होतं.

मग तो दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील. मी कॉलेजातून मधल्या सुट्टीत वाचनालयात आले. पायऱ्या चढतानाच जाणवलं, कूलरचा आवाज आहे, पण पानांचा नाही. अभ्यासिकेच्या दारात पोचले तर सगळ्यांच्या माना एका टेबलाकडे वळलेल्या. टेबलावर सुजाताची पिशवी उलटी केलेली होती. दोन वह्या, पिवळा पेन, कंगवा, स्टीलचा डबा, डब्याचं झाकण उघडून भाकरीचा तुकडा बाहेर आलेला. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं, पडल्यावर कागद सुटलेला. ते काय आहे हे बायकांना वेगळं सांगावं लागत नाही. एक मुलगा, संतोष त्याचं नाव, हसला. मोठ्यानं नाही, नाकातून.

सुजाता भिंतीला टेकून उभी होती. तिचे हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

रंगनाथकाका घाम पुसत म्हणाले, ‘‘वर्षअखेरची मोजदाद चाललीय मॅडम. कपाटातलं एक पुस्तक लागंना. हीच रोज त्या कपाटापाशी असती, म्हणून म्हटलं...’’

‘‘कोणतं पुस्तक?’’

त्यांनी नाव सांगितलं.

त्या क्षणी मला माझा पलंग दिसला, उशी दिसली, पुस्तकातून बाहेर आलेली पेन्सिल दिसली. बोलायला एक वाक्य पुरेसं होतं. अहो, ते माझ्याकडे आहे. चार शब्द. मी ते आजपर्यंत किती वेळा मोजलेत कुणास ठाऊक. तेव्हा तोंडातून दुसरंच निघालं. मी म्हणाले, ‘‘काका, असं कुणाची पिशवी उलटी करतात का? मुलगी आहे ती. पुस्तक कुठे जात नाही, सापडेल.’’

आवाज थोडा चढवला होता मी. खोलीतल्या मुलांना तो ऐकू जावा इतपत. रंगनाथकाकांनी मान खाली घातली. आणि सुजातानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल उपकाराची भावना होती. खोटं कशाला सांगू, ती पाहून मला क्षणभर बरंही वाटलं. या आख्ख्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या बरं वाटण्याची.

तिनं सामान पिशवीत भरलं. ते पुडकं सगळ्यात आधी. मग हजेरीच्या वहीत जाण्याची वेळ लिहिली, सही केली, आणि गेली. एवढं झाल्यावरही ती नोंद करून गेली.

दुपारी घरी कुणी नव्हतं. मी पलंगावर बसून खोडरबरानं पुस्तकातल्या खुणा पुसत होते. एकेक ओळ. खोडरबराचा काळा चुरा चादरीवर साचत होता आणि मी तो तळहातानं गोळा करत होते. ‘किती खरं’ पुसताना कागद थोडा फाटला. खिडकीबाहेर ऊन असं होतं की समोरचं घर हलताना दिसत होतं. मी स्वतःला समजावत होते. आत्ता सांगितलं तर वाचनालयाचं नाव खराब होईल. सासऱ्यांनी उभं केलेलं काम आहे. व्याख्यान आठ दिवसांवर आलंय. आणि पुस्तक सापडलं की प्रश्नच मिटतो, मग कुणाला काय दुखवायचं? हुशार माणसाला स्वतःला समजावायला फार वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथकाका यायच्या आधी मी किल्लीनं दार उघडलं, पुस्तक त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात मागे सरकवून ठेवलं. तासाभरानं मीच हाक मारली, ‘‘काका, हे काय? इथेच तर आहे.’’

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटून पाहिलं आणि यादीत खूण केली.

सुजाता आली नाही. दोन दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेले. पत्र्याची एक खोली, बाहेर सिमेंटची टाकी. पत्रा इतका तापला होता की दारात उभं राहिलं तरी डोक्यावर झळ लागत होती. ती आत जमिनीवर वह्या पसरून बसली होती, कपाळावर ओला रुमाल.

‘‘पुस्तक सापडलं, सुजाता,’’ मी म्हणाले. ‘‘उद्यापासून ये.’’

‘‘कुठं सापडलं?’’

‘‘कपाटातच. खालच्या कप्प्यात, मागे गेलं होतं.’’

ती उठून दारापर्यंत आली. ‘‘खालचा कप्पा मीच हुडकला व्हता, मॅडम. पिशवी बघायच्या आदी काकांनी मलाच सांगितलं व्हतं, जरा बघ म्हनून. सगळी पुस्तकं भायेर काढून बघितली मी.’’

मी म्हणाले, ‘‘नजरचूक होते गं.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. नजर मीच वळवली. तेवढ्यात आतून पंचफुलाबाई आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘‘बाई, तुमी आलात ते लय चांगलं केलं. पर एक सांगा. पुस्तक घावलं म्हनून माजी पोरगी चोर न्हाई. घावलं नसतं तर? तर चोरच राहिली असती ना?’’

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी दिलं असेल. मला उत्तरं देता येतात.

व्याख्यान छान झालं, असं सगळे म्हणाले. मंडपात पंखे होते, पाण्याचे जार होते. मध्यावर मी ते वाक्य म्हटलं, आडनाव सांगेपर्यंत तरी बरं असतंय, हे. ‘एक मुलगी म्हणाली’ असंही म्हटलं नाही. स्वतःचंच असल्यासारखं म्हटलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणजे त्या उन्हाळ्यात मी त्या मुलीचं दोनदा नेलं. एकदा तिचं नाव, एकदा तिचं वाक्य.

सुजाताची परीक्षा झाली. थोडक्यात हुकली. अभ्यासिकेत असती तर मिळाली असती की नाही, ते कोण सांगणार? पण शेवटचे तीन आठवडे तिनं तापलेल्या पत्र्याखाली काढले, आणि ते माझ्यामुळे. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, पालमकडे गेली, एवढं ऐकलं. मी कपाटासाठी नवी पुस्तकं मागवत राहिले. फक्त ते एक पुस्तक पुन्हा उघडलं नाही. समासातला फाटलेला कागद मला पाहायचा नव्हता.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. यंदा कूलर लावत होते त्याच दिवशी रंगनाथकाका आले. आता ते निवृत्त आहेत, नातीसाठी अभ्यासिकेचा अर्ज न्यायला आले होते. ओल्या गवताचा वास, मुलांचे हलणारे ओठ, आणि समोर ते. माझ्या तोंडून अचानक निघून गेलं, ‘‘काका, ते पुस्तक तेव्हा माझ्या घरी होतं. सुजाताची पिशवी पाहिली तेव्हा.’’

त्यांनी अर्जाची घडी घातली. ‘‘ठाव व्हतं मला.’’

‘‘काय?’’

‘‘तुमी पिशवीत घालताना बघितलं व्हतं मी. मागच्या टेबलावर बसलो व्हतो.’’

‘‘मग तिची पिशवी का बघितलीत?’’

म्हातारा माणूस माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता की याचं उत्तर मला खरंच माहीत नसेल यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. ‘‘मॅडम, यादी समितीपुढं ठेवायची व्हती. पुस्तक कमी दिसलं की कुनाला तरी इचारावंच लागतंय. तुमाला कसं इचारनार?’’

अर्ज खिशात ठेवत म्हणाले, ‘‘मला वाटलं, तुमी सोताच सांगताल. दारात आलात तवा वाटलं, आता सांगतील.’’

त्यांची नोकरी माझ्या एका सहीवर होती, हे मला त्या दिवसापर्यंत कधी दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं मी वाचत होते की उतरंड कशी टिकते. ती दोन खोल्यांच्या वाचनालयात, दोन भल्या माणसांच्या गप्प बसण्यावर टिकली होती.

चार दिवसांनी मी पालमला गेले. मानवतहून परभणी, परभणीहून गंगाखेडवरून पालम, पुढे जीप. सुजाता एका खेड्यात अंगणवाडी चालवते. मी पोचले तेव्हा पंधरा-वीस मुलं गोल करून खिचडी खात होती. तिनं मला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तिथंच, मुलांच्या गलक्यात, सगळं सांगितलं. उशी, पेन्सिल, खोडरबर, खालचा कप्पा. भाषणातलं वाक्यही सांगितलं. ती मधेच उठून एका मुलीचं तोंड पुसून आली, पण ऐकत होती.

माझं झाल्यावर म्हणाली, ‘‘तुमी त्या दिवशी आमच्या दारात उभ्या व्हत्या ना, नजरचूक म्हनलात, तवाच कळलं व्हतं मला.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘कुनाला बोलू? तुमच्याशिवाय माझ्या बाजूनं बोलनारं तिथं कोन व्हतं?’’

मी म्हणाले, ‘‘मला माफ कर.’’

रागावलेली दिसली नाही, विरघळलेलीही दिसली नाही. मग म्हणाली, ‘‘मला सांगून काय उपेग, मॅडम? मी घेतलं न्हाई, हे मला तवाबी ठाव व्हतं. मला सांगितलं तर तुमचं मन हलकं हुईल, बाकी काय? ज्यांच्यासमोर माझी पिशवी उलटी केली, त्यांना सांगा. आजबी मानवतला गेले की कुनी ना कुनी वळून बघतंय.’’

हे सांगून ती मुलांच्या ताटल्या गोळा करायला गेली. मीही उठून दोन ताटल्या उचलल्या. तिनं त्या माझ्या हातातून घेतल्या. ‘‘असू द्या,’’ म्हणाली.

परत आल्यावर मी जुन्या हजेरीच्या वह्या काढल्या. त्या दिवशीचं पान सापडलं. सुजाता धरून दहा सह्या. नऊ जणांना सांगायचं होतं. आधी मला वाटलं होतं, एक पत्रक काढून फळ्यावर लावावं. पण फळा वाचणारी आजची मुलं त्या वेळी शाळेत होती, त्यांना सुजाता कोण हेच माहीत नाही. म्हणून एकेकाचा पत्ता काढला. कुणी मास्तर झालंय, कुणी शेती करतंय, कुणी पुण्याला गेलंय. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, ‘‘जाऊ द्या ना मॅडम, किती जुनी गोष्ट.’’ एक मुलगी, आता दोन मुलांची आई, सगळं ऐकून इतकंच म्हणाली, ‘‘मी तेव्हा तिचं ते पुडकं उचलून द्यायला पाहिजे होतं. माझ्या पायाशीच पडलं होतं.’’ तिच्या घरात पोरं टीव्ही पाहत होती.

मागच्या गुरुवारी पाथरीला गेले. संतोषचं तिथं बसस्थानकाजवळ मोबाइलचं दुकान आहे. नाकातून हसलेला तो. आता पोट सुटलंय, स्वभाव मोकळा. मला पाहून काउंटरमागून बाहेर आला, वाकून नमस्कार केला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी थांबले नाही. थांबले असते तर परत फिरले असते.

‘‘संतोष, आपल्या अभ्यासिकेतली सुजाता आठवते?’’

त्यानं जरा आठवून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. ‘‘हां हां, ती पुस्तक चोरलेली ना?’’

किती सहज म्हणाला. कुणाची उंची सांगावी, गाव सांगावं, तसं.

मी म्हणाले, ‘‘तिनं चोरलं नव्हतं. मी नेलं होतं. नोंद न करता, कुणाला न सांगता. तिची पिशवी तुम्ही सगळे बघत होता तेव्हा ते माझ्या घरात होतं, आणि मला ते माहीत होतं. मी गप्प बसले.’’

गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहायला लागली. संतोष क्षणभर गोंधळला आणि मग सुटल्यासारखा हसला.

‘‘मग चोरी झालीच न्हाई की, मॅडम! तुमी नेलं म्हनल्यावर त्याला चोरी कोन म्हनंल? तुमचंच वाचनालय हाय. तुमी बी काय एवढं मनाला लावून घेताय. बसा, चहा सांगतो.’’

त्यानं खुर्ची पुसून पुढे केली. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तो खरंच माझा भार कमी करायला बघत होता.

मी बसले नाही. ‘‘चहा नको,’’ मी म्हणाले. ‘‘तू बस. मी पुन्हा पहिल्यापासून सांगते.’’